चाहुलीचा बाजार

सणासुदीला भांडू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत, आणि ते मला मान्य आहे. पण ज्या गोष्टीपायी आमच्या घराघरांतला उन्हाळा नासतो, पावसाळा नासतो, अठरा वर्षांचे पोर तीन-तीन महिने धड जेवत नाही की धड झोपत नाही, त्या गोष्टीविषयी दिवाळीत बोलायचे नाही तर मग बोलायचे केव्हा? जूनमध्ये बोलावे तर यादी लागायची असते. जुलैत बोलावे तर दुसरी फेरी चालू असते. ऑगस्टमध्ये तोंड उघडावे तर "आता गप्प बसा हो, उरलेल्या जागांची यादी यायची आहे!" म्हणून घरातलीच माणसे दटावतात. दिवाळीपर्यंत बहुतेक याद्या संपलेल्या असतात. कोणी वसतिगृहातून पिशव्या भरून घरी आलेले असते, कोणी घरातच राहिलेले असते. पण सारे एका ताटाभोवती असतात. तेव्हा वाचकहो, करंजीचा तुकडा तोंडात असू द्या आणि माझे चार कडू शब्द ऐकून घ्या.

माझे भांडण परीक्षेशी नाही. आयुष्यभर पोरांना गणित शिकवून मी त्यांच्या परीक्षा घेतल्या आहेत. चढाओढीशीही नाही. जागा थोड्या आणि मागणारे फार असले म्हणजे निवड होणारच, आणि निवड झाली की कोणी ना कोणी दाराबाहेर राहणारच. नकाराशी तर माझे मुळीच भांडण नाही. नकार ही स्वच्छ गोष्ट आहे. मुलगा एक दिवस रडतो, दुसऱ्या दिवशी तोंड धुतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटेला लागतो.

माझे भांडण आहे ते चाहुलीशी. होकार नव्हे, नकार नव्हे, त्या दोहोंच्या आधी जी एक अर्धीमुर्धी कुजबूज मुलाच्या कानात सोडली जाते, "बहुधा होईल", "अपेक्षित आहे", "तात्पुरते आहे", "पात्र आहात, पण...", तिच्याशी माझे भांडण आहे. आणि माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ही चाहूल मुलाच्या काडीच्या उपयोगाची नसते. ती देणाऱ्याच्या उपयोगाची असते. देणारा विद्यापीठ असो, शिकवणीवाला असो, सरकारी खाते असो, नाहीतर शेजारचे काका असोत.

मी राहतो वरठीला. मुंबई-हावडा मार्गाने गेलेल्या पुष्कळ वाचकांनी आमचे स्टेशन पाहिले असेल, पण आमचे नाव वाचले नसेल; कारण पाटीवर लिहिले आहे 'भंडारा रोड'. गाव आमचे, रूळ आमच्या शिवारातून गेलेले, आणि नावाचा मान दहा-बारा किलोमीटरवरच्या भंडाऱ्याला! असो. नाव गेले तरी रेल्वेच्या गावात राहिल्याने एक शिक्षण फुकट मिळते. सिग्नल म्हणजे काय हे येथल्या शेंबड्या पोरालाही कळते. लाल म्हणजे थांब. हिरवा म्हणजे जा. आणि पिवळा? पिवळा म्हणजे "बघू, कदाचित" असे नव्हे. पुढच्या सिग्नलला थांबावे लागेल अशा तयारीने चल, असा तो नेमका हुकूम आहे. ड्रायव्हरने हात कोठे ठेवायचा, गाडीचा वेग किती राखायचा, हे त्या पिवळ्या दिव्यात असते. चुकीचा दिवा दाखवणाऱ्याची चौकशी होते, नोकरी जाते. लोखंडाच्या डब्यांसाठी एवढा काटेकोरपणा! आणि रक्तामांसाच्या पोरांना आम्ही जे दिवे दाखवतो त्यांचा अर्थ काय, तो कोणी ठरवला आणि चुकला तर कोणाची नोकरी जाते?

'पात्र' ह्या एका शब्दाचे उदाहरण घ्या. २०२४ साली आय.आय.टी.च्या प्रवेशासाठी जेईई अॅडव्हान्स्ड ही परीक्षा १,८०,२०० मुलांनी दिली. त्यांतली ४८,२४८ मुले 'पात्र' ठरली. आणि जागा होत्या १७,७४०. म्हणजे तीस हजारांवर मुलांच्या हातात असा एक शब्द ठेवला गेला, की ज्याला दाराशी काही किंमत नव्हती. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत तेरा लाखांवर मुले 'पात्र' ठरली, एम.बी.बी.एस.च्या जागा देशात एक लाखाच्या थोड्या वर, आणि सामान्य घराला परवडतील अशा सरकारी जागा त्यांच्या जवळपास निम्म्या. ही पात्रता दंतवैद्यकाला, आयुर्वेदाला उपयोगी पडते हे खरे. पण ज्या घरात बापाने "माझी पोर डॉक्टर होणार" म्हणून गावभर साखर वाटली, त्या घरात 'पात्र' ह्याचा अर्थ काय घेतला गेला, हे तुम्हांला सांगायला हवे काय? लग्नाच्या पंगतीत पानावर बसवायचे, मीठ वाढायचे, लिंबाची फोड वाढायची, आणि मग सांगायचे की भात संपला. ह्याला आमच्या भागात आतिथ्य म्हणत नाहीत. भाताच्या मुलखात तर मुळीच नाही!

आता ह्यापुढची पायरी पाहा. आय.आय.टी. आणि एन.आय.टी. ह्यांच्या जागा 'जोसा' नावाचे संयुक्त मंडळ वाटते. २०१५ पासून ही व्यवस्था चालू आहे, आणि पूर्वीच्या सावळ्या गोंधळापेक्षा ती कितीतरी बरी आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. पसंतीक्रम भरताना खऱ्या वाटपाच्या आधी 'मॉक', म्हणजे लुटुपुटीचे वाटप दाखवतात. हेतू चांगला आहे: पसंतीक्रम भरताना चूक झाली असेल तर मुलाने ती दुरुस्त करावी. पण घरी काय होते? लुटुपुटीच्या वाटपात नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.चे नाव दिसले की मामाला फोन जातो, मावशीला फोन जातो, नागपुरात खोली बघायला माणूस जातो. १९६० साली विश्वेश्वरय्यांच्या नावाने निघालेले हे महाविद्यालय म्हणजे आम्हां विदर्भवासीयांचा जिव्हाळ्याचा विषय, आणि एन.आय.टी.तल्या निम्म्या जागा स्वतःच्या राज्यातल्या मुलांसाठी असल्याने आशाही रास्त. पण लुटुपुटीचे वाटप त्या दिवसापर्यंत भरलेल्या पसंतींवर होते. उद्या आणखी हजारो मुले आपापली पसंती भरतात, बदलतात, आणि खऱ्या यादीत व्ही.एन.आय.टी.च्या जागी दुसरेच नाव येते. जे कधी मिळालेच नव्हते ते 'गेले' म्हणून घर सुतक पाळते.

ह्याच्या उलट प्रकारही मी पाहिला आहे. कारखान्यात काम करणाऱ्या एका शेजाऱ्याच्या मुलीला पहिल्याच फेरीत चांगली जागा मिळाली. जागा पक्की, पैसे भरलेले. पण पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळाली तर घेऊ, असा पर्याय तिने दिला होता. त्याला 'फ्लोट' म्हणतात. तो देण्यात काहीच गैर नाही, हातची जागा त्यात जात नाही. पण त्या दिवसापासून घरात कोणी हसेना. पेढे आणावेत तर वरच्या जागेला दृष्ट लागेल. न आणावेत तर मिळालेल्या जागेचा अपमान. शेवटी तिची आजी माझ्या ओसरीवर येऊन म्हणाली, "मास्तर, नातीचा नंबर लागला म्हन्ते, मंग पेढे काऊन नाही वाटत?" मी म्हटले, "आजी, तिने फ्लोट केले आहे. वरची जागा निघाली तर..." म्हातारीने मला मध्येच थांबवले. "तुमचं फोलोट ठेवा तिकडं. लागला का नाही लागला, येकच सांगा ना!"

हा प्रश्न त्या आजीला विचारता आला, कारण तिला इंग्रजी येत नव्हते. आम्हां शिकलेल्यांना तो विचारण्याची लाज वाटते.

चाहूल जेथे फुकट मिळते तेथे ती विकणाराही उभा राहतो. परीक्षेच्या दिवशी मुले केंद्राबाहेर पडतात न पडतात तोच 'अपेक्षित कट-ऑफ'ची पत्रके सुरू होतात. संध्याकाळी मोबाईलवर 'तुमचा क्रमांक आम्ही सांगतो' अशी यंत्रे हजर होतात. मुलाने गुण लिहायचे, नाव लिहायचे, जिल्हा लिहायचा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बापाचा मोबाईल क्रमांक लिहायचा. यंत्र क्रमांक सांगते खरे, पण त्याने घेतलेला क्रमांक अधिक मोलाचा असतो. दुसऱ्या दिवसापासून फोन: अमुक गुणांवर सरकारी जागा अवघड दिसते, आमच्याकडे व्यवस्थापन कोट्यातून सोय होईल; पुन्हा एक वर्ष घालवणार असाल तर आमची तुकडी सुरू होत आहे. गणिताचा मास्तर म्हणून सांगतो, ह्या यंत्रात मंत्र काही नसतो. गेल्या वर्षांचे शेवटचे क्रमांक जोसाच्या संकेतस्थळावर उघडे पडलेले असतात. तेच उचलायचे, त्यांवर थोडी हळद-कुंकू वाहायची आणि भविष्य म्हणून विकायचे. पूर्वी पोपटवाला चिठ्ठी काढून देत असे. त्याचा पोपट निदान बापाचा पत्ता विचारत नव्हता!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवण्यांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. हमखास निवडीची खोटी आश्वासने देता येणार नाहीत, असे त्यांत बजावले आहे. फार चांगले झाले. पण 'हमखास' म्हणणारा मूर्ख असतो. शहाणा विक्रेता 'अपेक्षित' म्हणतो. आणि 'अपेक्षित' ह्या शब्दाला कोणता कायदा पकडणार?

तुम्ही म्हणाल, खासगी माणसाचे जाऊ द्या, सरकारी निकाल तरी पक्का असतो ना? तर २०२४ ची नीट आठवा. परीक्षा झाली ५ मे रोजी. निकाल १४ जूनला लागणार होता. तो दहा दिवस आधी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशीच, ४ जूनला लावला गेला. ६७ मुलांना ७२० पैकी ७२० गुण! १,५६३ मुलांना वेळ कमी मिळाला म्हणून वाढीव गुण दिले होते; ते काढून घेतले आणि फेरपरीक्षेचा पर्याय दिला. प्रश्नपत्रिका फुटल्याची प्रकरणे निघाली, तपास झाला, सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. सबंध परीक्षा रद्द करण्यास न्यायालयाने २३ जुलै रोजी नकार दिला. पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती, त्यांतले एकच बरोबर ठरले आणि चार लाखांवर मुलांचे गुण बदलले. सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुणांची मुले उरली १७. म्हणजे जूनच्या चौथ्या तारखेला मुलांना जो मिळाला तो निकाल नव्हताच, तीही एक चाहूलच होती. फक्त तिच्यावर सरकारी शिक्का होता. मेच्या पहिल्या आठवड्यात पेपर लिहिलेल्या मुलीला ऑगस्टच्या मध्यापर्यंत आपण कोठे जाणार हे ठाऊक नव्हते. आमच्याकडे एवढ्या काळात धानाचे पऱ्हे टाकून, वाढवून, त्यांची रोवणीसुद्धा उरकते.

आणि हे लोण आता दहावीच्या पोरांपर्यंत आले आहे. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरते होते. २०२५ मध्ये ते सबंध राज्याला लागू झाले. देणगीच्या नावाखाली चालणाऱ्या चोरवाटा ह्याने बंद होतात, म्हणून तत्त्वाला माझा विरोध नाही. पण हिशेब पाहा. राज्यात जागा सुमारे २१ लाख, नोंदणी सुमारे १४ लाख. पोरांपेक्षा पाट जास्त! तरीही १३ मे रोजी दहावीचा निकाल कळलेल्या मुलांना पहिल्या नियमित फेरीच्या यादीसाठी २८ जून उजाडेपर्यंत थांबावे लागले. मध्ये वेळापत्रक बदलले, मध्ये तात्पुरती सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागली. त्या यादीत क्रमांक असतो, पण जागा नसते. मुंबईच्या नामांकित महाविद्यालयासाठी हे समजू शकते. पण वरठीच्या, मोहाडीच्या पोरीला गावातल्या नाहीतर तालुक्यातल्या वर्गात जाऊन बसायचे आहे; तिच्या मागे कोणी रांगेत नाही, पुढेही कोणी नाही. तिने दीड महिना कशाची चाहूल घ्यायची? रिकाम्या बाकाची?

हा रोग केवळ आमचाच आहे अशी समजूत करून घेऊ नका. श्रीमंत देशाने तो अधिक देखणा केला आहे, इतकेच. अमेरिकेतल्या मराठी घरांत दिवाळीच्या सुमारासच ही धांदल असते. तेथल्या बहुतेक नामांकित विद्यापीठांच्या आगाऊ अर्जाची शेवटची तारीख १ नोव्हेंबर असते. एका खोलीत आई चकल्या तळते आणि दुसऱ्या खोलीत मुलगा "मी कोण आहे" ह्यावर निबंध लिहितो. डिसेंबरच्या मध्याला उत्तर येते. ह्यातल्या एका प्रकारात मुलाने आधीच वचन द्यायचे असते की, तुम्ही घेतले तर मी येईनच, इतर अर्ज मागे घेईन. म्हणजे कोण किती शिष्यवृत्ती देतो हे ताडून पाहण्याचा हक्क सोडायचा. ज्याला पैशाची फिकीर नाही तो सहज वचन देतो. ज्याला आहे तो कचरतो. आणि आगाऊ अर्ज करणाऱ्याला तेवढ्याच गुणवत्तेच्या मागाहून येणाऱ्यापेक्षा अधिक संधी असते, हे तीन अमेरिकन अभ्यासकांनी २००३ साली पुस्तक लिहून दाखवून दिले आहे.

ह्यावर कडी म्हणजे 'लाइकली लेटर'. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांचे अधिकृत उत्तर मार्चच्या अखेरीस यायचे. पण त्यांना हव्या असलेल्या काही मुलांना, विशेषतः खेळाडूंना, त्याआधीच पत्र जाते की तुमचा प्रवेश होण्याचा संभव दिसतो. किती गोड! परंतु ज्यांना पत्र आले नाही त्यांचे काय? खरे म्हणजे पत्र न येण्याला काहीच अर्थ नसतो. बहुसंख्यांना ते येतच नाही. पण सतरा वर्षांच्या मुलाला हे कोण पटवणार? एका घरी चाहूल पोचते तेव्हा शंभर घरी तिची अनुपस्थिती पोचते, आणि शांततेचाही अर्थ लावत पोरे रात्र काढतात. ही पत्रे कोणाच्या हिताची? उत्तम मूल दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून दुकानदाराने हात धरून ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

हे तेथल्या शहाण्यांना कळत नव्हते असे नाही. आगाऊ प्रवेशाचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्यांना होतो, असे म्हणून हार्वर्डने २००६ साली तो बंद करण्याचे जाहीर केले. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया ह्या विद्यापीठांनी पाठोपाठ तेच केले. बाकीची विद्यापीठे मात्र जागची हलली नाहीत, आणि २०११ साली तिघांनीही आगाऊ प्रवेश पुन्हा सुरू केला. ह्यातून मी एवढेच शिकतो की, बाजारात एकट्याने सोवळे पाळून भागत नाही. नियम सर्वांना एकच असावा लागतो.

आता ह्या चाहुलीच्या बाजूने जे सांगितले जाते तेही ऐकू. म्हणतात, आधी थोडा अंदाज आला तर मनाची तयारी होते. पैशाची जुळवाजुळव करता येते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि वरठीच्या माणसाने तर नाहीच. जागा स्वीकारण्याची रक्कम भरण्याची वेळ येते जूनमध्ये. धानाच्या शेतकऱ्याच्या घरात जून म्हणजे बियाण्याचा, नांगरटीचा महिना. आणि जुलै म्हणजे रोवणीच्या मजुरीचा. हातातला पैसा बांधीत गेलेला असतो. त्याला आधी कळायला हवे हे शंभर टक्के खरे. पण काय कळायला हवे? अंदाज की निर्णय? अंदाजावर बँक कर्ज देत नाही. अंदाजावर वसतिगृहात खाट मिळत नाही. उलट अंदाजावर जो पैसा हलवतो तो दोनदा बुडतो. पहिल्या सरीच्या भरवशावर बी टाकावे आणि पुढे पावसाने पंधरा दिवस दडी मारावी, म्हणजे काय होते ते शेतकऱ्याला विचारा. त्याला दुबार पेरणी म्हणतात. मुलाच्या मनाची दुबार पेरणी करायला बियाणे कोठून आणायचे? तेव्हा गरिबाला लवकर सांगा हे म्हणणे बरोबर. पण लवकर सांगायचे ते पक्के सांगा. चाहूल परवडते ती श्रीमंताला, कारण ती खोटी ठरली तरी त्याचे दुसरे तिकीट काढलेले असते.

दुसरे एक समर्थन असते: वाट पाहण्याने माणूस घडतो. वाट पाहण्याने माणूस घडतो हे मला मान्य आहे, पण वाट कशाची पाहायची हे माहीत असले तर! आमच्या फलाटावर गाडी दोन तास उशिरा आहे असे सांगितले की लोक घोंगडी पसरून निवांत झोपतात. तीच गाडी "आता येईल, आता येईल" असे दर दहा मिनिटांनी सांगितले, तर दोन तास उभे राहून त्यांचे पाय सुजतात. वेळ तितकाच जातो. पहिल्याने विश्रांती मिळते, दुसऱ्याने ताप चढतो. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांगतो. त्या सगळ्या प्रवेशापायी झाल्या असे मी म्हणणार नाही. दुःखाची कारणे नाना असतात. पण ज्या राज्याच्या नावावर हा आकडा आहे, त्याने आपल्या मुलांच्या मनाशी असा लपंडाव खेळू नये, एवढे तरी म्हणायचा मला हक्क आहे.

जुन्या काळी सारे छान होते, असेही मी म्हणत नाही. तेव्हा परीक्षेला बसायलाच थोडे मिळत. पण जुन्यांपासून एक शिकण्यासारखे आहे. आमच्या कोकणातले परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय, आणि 'रँग्लर' हा शब्द मराठी घरात बिरुदासारखा रुजला. त्या काळी केंब्रिजमध्ये क्रमवार यादी एका ठरल्या दिवशी सभागृहात वाचून दाखवीत. पहिला कोण, दुसरा कोण, संपले. आणि गंमत अशी की, क्रमांकाचे वेड जगाला लावणाऱ्या ह्याच केंब्रिजने १९०९ नंतर क्रमवार यादी लावणे सोडून दिले. वर्ग सांगायचा, क्रमांक जाहीर करायचा नाही. त्याने केंब्रिजचे गणित बुडाले नाही. आम्ही मात्र शंभर वर्षांनी मुलाचा टक्का दशांशचिन्हापुढे सात घरांपर्यंत काढतो, आणि त्या सातव्या घरातल्या आकड्यावर पोराच्या लायकीची चर्चा ओसरीवर करतो!

खरा उपाय जागा वाढवणे हा आहे, हे कोणीही सांगेल. भंडारा जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२४ साली, शंभर जागांचे. शेजारच्या गोंदियाला त्याआधी २०१६ मध्ये मिळाले होते. पोरांपेक्षा आम्ही जिल्हावासीयांनीच आधी किती वर्षे चाहूल घेतली ते आमचे आम्हांला ठाऊक. पण जागा वाढेपर्यंत थांबायची गरज नसलेली काही कामे आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही.

एक, ज्या दिवशी अर्ज घ्याल त्याच दिवशी शेवटचा निर्णय केव्हा देणार ती तारीख छापा, आणि रेल्वेच्या सिग्नलवाल्यासारखी ती पाळा. दोन, जे तात्पुरते आहे त्याच्या कपाळावर ठळक मराठीत लिहा: ह्यात काय बदलू शकते, किती बदलू शकते आणि कोणत्या तारखेपर्यंत. उत्तरसूची आधी दाखवून हरकती मागवतात, ती पद्धत चांगली आहे. कारण तेथे मुलाला काही करता येते. ज्या बातमीवर मुलाला काहीच करता येत नाही, ती अर्धवट सांगू नका. तीन, 'पात्र' हा शब्द जागेच्या हिशेबाशिवाय वापरू नका; पात्र किती आणि पाने किती, दोन्ही आकडे एका ओळीत द्या. चार, गेल्या वर्षांचे शेवटचे क्रमांक प्रत्येक शाळेच्या फळ्यावर मराठीत लावा, म्हणजे भविष्य विकणाऱ्या पोपटांची दुकाने आपोआप बसतील.

आणि पाचवे मागणे सरकारकडे नाही, विद्यापीठाकडे नाही. ते तुमच्याकडे आहे, हा अंक हातात धरून फराळाला बसलेल्या काका, मामा, आत्या, मावशी ह्यांच्याकडे. बाजारात चाहूल विकली जाते, कारण घरात तिला गिऱ्हाईक आहे. "किती अपेक्षित आहेत?", "कोठे लागेलसे वाटते?", "अमक्याच्या मुलाचे तर झाले म्हणे!" हे प्रश्न विचारणारा कोणी विद्यापीठाचा अधिकारी नसतो, तो आपल्यापैकीच, आपल्याच पाटावर बसलेला असतो. त्याच्या प्रश्नाने मुलाचा एक गुण वाढत नाही, एक जागा निघत नाही. फक्त समोरचा चिवडा कडू होतो.

पुढच्या वर्षी परीक्षेला बसणारे एखादे पोर ह्या दिवाळीला तुमच्या घरात असेलच. त्याला विचारायचेच असेल तर विचारा की ह्या वर्षी किल्ला कोणता केला, चकली कोणाची खुसखुशीत झाली, आकाशकंदील टांगायला मदत हवी का. त्याचा नंबर लागायचा तेव्हा लागेल. तो ह्या घरचा आहे, हे मात्र त्याला कोणत्याही यादीची वाट न पाहता, आजच, पक्के आणि मोठ्या आवाजात सांगता येते. तेवढा एक होकार आपल्या हातचा आहे. तो तरी आपण अर्धवट देऊ नये.